धोट्याच्या तालावर वाजणारा व्हॉल्व्ह

पेन्सिलीच्या मागच्या टोकानं व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारली की हेडफोनमध्ये ‘टिंग्ग’ असा आवाज होतो आणि दोन-तीन सेकंद घुमत राहतो. लांबच्या देवळातली लहान घंटा ऐकावी तसा. हेडफोन काढला तर काहीच नाही, कारण वाजते ती काच नव्हे, काचेच्या आत ताणून बसवलेली केसाहून बारीक फिलामेंटची तार. ती थरथरली की तिच्यातून निघणारा इलेक्ट्रॉनचा प्रवाहही थरथरतो आणि ॲम्प्लिफायरला ते संगीतच वाटतं. या दोषाला मायक्रोफोनिक्स म्हणतात. शांत गावातल्या माणसाला तो महिन्यातून एकदा भेटेल. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे खालच्या मजल्यावर यंत्रमाग आणि वरच्या मजल्यावर संसार असतो, तिथे तो मिनिटाला शंभरावर वेळा भेटतो. धोटा इकडून तिकडे गेला, फणीनं सूत ठोकलं, की टेबलावरचा व्हॉल्व्ह दाद देतो.

खिशात मावणारा, बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प्लिफायर हा प्रकार मी गेली काही वर्षं या टेबलावर पुन्हा पुन्हा जोडतो आणि मोडतो आहे. लोकांना तो विरोधाभास वाटतो. व्हॉल्व्ह म्हटला की लाकडी पेटीतला मर्फी नाहीतर फिलिप्स, भिंतीतला प्लग आणि गरम होण्याची वाट बघणं, एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण ट्रान्झिस्टर यायच्या आधी ज्या गावांत वीज नव्हती, तिथे व्हॉल्व्हचेच रेडिओ कोरड्या बॅटरीवर चालायचे. ९० व्होल्टचा एक जाडजूड पॅक आणि फिलामेंटसाठी दीड व्होल्टची वेगळी बॅटरी. त्यातल्या डीएफ ९६, डीएल ९६ या कुळातल्या व्हॉल्व्हची फिलामेंट १.४ व्होल्टवर जेमतेम २५ मिलिअँपिअर घ्यायची (शेवटचा, स्पीकर वाजवणारा डीएल ९६ मात्र दुप्पट). म्हणजे व्हॉल्व्हनं काटकसर करावी, ही मागणी नवी नाही.

हिशेब सगळा तिथेच आहे. हौशी लोकांचा लाडका ईसीसी ८८ घ्या. नुसता हीटर पेटवायला त्याला ६.३ व्होल्टवर ३६५ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे २.३ वॉट. लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसला २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल साडेनऊ वॉट-तास देतो. व्होल्टेज चढवण्यातली गळती धरली तर साडेतीन तासांत सेल संपला, आणि अजून गाणं सुरूही व्हायचं आहे. माझी पहिली पेटी अशीच होती. मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, ती खिशात घालून मी सात रस्त्यापर्यंत गेलो आणि परत येईस्तोवर मांडीला चटका बसला होता.

मग हाती आला ६४१८. रेथिऑनचा, करंगळीच्या पेराहून थोडा लांब, पायांच्या जागी बारीक तारा असलेला चपटा काचेचा तुकडा. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्याच्या आत बसणाऱ्या प्रॉक्सिमिटी फ्यूजसाठी अशा बुटक्या व्हॉल्व्हची विद्या झपाट्यानं पुढे गेली, आणि मग तेच तंत्र बहिऱ्यांच्या कानयंत्रांत स्थिरावलं. ६४१८ ची फिलामेंट १.२५ व्होल्टवर फक्त १० मिलिअँपिअर घेते. डाव्या-उजव्या कानांचे दोन मिळून पंचवीस मिलिवॉट. ईसीसी ८८ च्या जवळजवळ शंभराव्या हिश्शात काम! तो गरम होत नाही आणि उजेडात त्याची फिलामेंट पेटलेली दिसतही नाही. म्हणून बाजारात काही जण व्हॉल्व्हखाली नारिंगी एलईडी बसवतात. मला ते देवापुढे निरांजनाऐवजी चायना माळ लावण्यासारखं वाटतं. ज्याला चमक हवी त्यानं जरूर लावावी, पण त्याला व्हॉल्व्हचा प्रकाश म्हणू नये.

खरी अडचण पुढे येते. आजचा हेडफोन साधारण ३२ ओहमचा. त्याला एक मिलिवॉट द्यायचा, म्हणजे कान भरून ऐकू येईल एवढा, तर साडेपाच मिलिअँपिअरचा प्रवाह हवा. ६४१८ च्या प्लेटमधून एकूण वाहतो तो सुमारे पाव मिलिअँपिअर. रेडिओच्या बाल्यावस्थेतले हेडफोन दोन हजार ओहमचे असत, म्हणून तेव्हा व्हॉल्व्ह थेट कानाला जोडता यायचा. आता नाही. अमेरिकन डिझायनर पीट मिलेट यांनी यातली सरळ वाट लोकप्रिय केली. १९५० च्या दशकात मोटारीच्या रेडिओसाठी, प्लेटवर फक्त १२ व्होल्ट चालतील असे व्हॉल्व्ह निघाले होते. ते त्यांनी व्होल्टेज वाढवायला घेतले, आणि ओझं ओढायला मागे अर्धवाहकांचा बफर जोडला. आवाजाला वळण व्हॉल्व्ह देईल, हमाली ट्रान्झिस्टर करेल. शुद्धतावादी याला भेसळ म्हणतात. मी म्हणतो, ज्याचं काम त्याला दिलं.

मंगळवार पेठेच्या बाजूला लाऊडस्पीकर भाड्यानं देणारे एक काका आहेत. ६एल६ च्या जोडीवर चालणारे भोंगे त्यांनी गड्ड्याच्या यात्रेत वर्षानुवर्षं वाजवलेत. त्यांना पेटी दाखवली. उलटसुलट करून म्हणाले, “काय बे, गड्ड्याचा भोंगा खिशात घालून फिरलालास व्हय?” मग कानाला लावली, दोन मिनिटं ऐकली, आणि खालच्या मागाचा ठोका त्यात ऐकून हसले. “व्हॉल्व्हला आवळून धरलायस. सोड त्याला. लोंबकळू दे.”

तोपर्यंत मी व्हॉल्व्ह गरम गोंदानं बोर्डाला पक्का चिकटवत होतो. म्हणजे जमिनीचा प्रत्येक हादरा बिनबोभाट फिलामेंटपर्यंत पोचवत होतो. जड वस्तू मऊ आधारावर टांगली की तिचा स्वतःचा झोका संथ होतो आणि वेगाचे हादरे तिच्यापर्यंत येईस्तोवर विरतात. ६४१८ वजनाला नगण्य, म्हणून त्याला आधी पितळेच्या पट्टीचं वजन दिलं, मग दोघांना मिळून टर्किश टॉवेलच्या चिंधीत गुंडाळलं, आणि पायांच्या तारांना सळसळीत बारीक वायरी जोडून वळसा दिला. टॉवेलची चिंधी खालच्याच मागावरची. ईसीसी ८८ ला असं पांघरूण घातलं असतं तर वास सुटला असता. हा थंड राहतो, म्हणून चाललं. मागाचा ठोका पूर्ण गेला नाही, पण गाण्याखाली दबला.

दुसरा घोळ मात्र मीच ओढवून घेतला होता. दोन फिलामेंट एकामागे एक जोडल्या की अडीच व्होल्टवर दहाच मिलिअँपिअरमध्ये भागतं, म्हणून मी तसं केलं आणि स्वतःवर खूष झालो. डावा कान गोड, उजवा कोरडा आणि फाटका. तीन संध्याकाळी हेडफोनलाच शिव्या घातल्या. या जातीच्या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट हाच कॅथोड असतो. मालिकेत वरची फिलामेंट सव्वा व्होल्ट उंच बसते, आणि तिचा ग्रिड रेझिस्टर मी सवयीनं ग्राउंडला जोडला होता. त्या व्हॉल्व्हचा बायस तेवढ्यानं खाली ढकलला गेला होता. तो रेझिस्टर त्याच फिलामेंटच्या उणे टोकाला नेला, त्या टोकापासून ग्राउंडला एक मोठा कपॅसिटर दिला, आणि दोन्ही कान सख्खे झाले. खर्च एका कपॅसिटरचा.

शिट्टीची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्लेटसाठी २४ व्होल्ट आणि बफरसाठी वेगळं व्होल्टेज, असे दोन बूस्टर होते. दोघांचा वेग कानाच्या कक्षेपलीकडचा, पण दोघांतला फरक कानात यायचा, कधी चढत कधी उतरत. एक बूस्टर काढून टाकला आणि बफर थेट सेलवर घेतला. उरलेल्यापुढे एक किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडच्या दोन पायऱ्या लावल्या. प्लेटचा प्रवाह इतका किरकोळ की प्रत्येक पायरीवर अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. व्हॉल्व्हच्या गरिबीचा हा एक फायदा.

बाहेरचा कपॅसिटर आधी जागेच्या लोभानं १०० मायक्रोफॅरडचा घातला होता. ३२ ओहमवर तो ५० हर्ट्झच्या आसपासच आवाज गिळायला लागतो. तबल्याची चाट मिळते, डग्ग्याची घुमक जाते. ४७० चा घातला, पेटी चार मिलिमीटर जाड झाली. चार्जिंगचा तयार बोर्ड एक अँपिअरनं सेल भरतो आणि तेवढ्यात सव्वा वॉट उष्णता टाकतो. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक, आणि उन्हाळ्यात इथली खोलीच चाळिशीला टेकलेली. बोर्डावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून चारचा लावला, चार्जिंग ३०० मिलिअँपिअरवर आलं. रात्री लावायचं, सकाळी काढायचं. एका चार्जमध्ये हिशेबानं पंचावन्न तास, हातात चाळीसच्या वर.

मोजमापात साधा पाच-दहा रुपयांचा ऑप-अँप याच्यापेक्षा स्वच्छ निघेल, हे आधीच कबूल करतो. व्हॉल्व्ह मुख्यतः दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, आणि तो कानाला खुपत नाही. कोर्ग आणि नोरिटाके या जपानी कंपन्यांनी २०१५ मध्ये न्यूट्यूब काढला, व्हीसीआरच्या निळ्या-हिरव्या आकड्यांच्या काचेवरून घेतलेला. ०.७ व्होल्ट, १७ मिलिअँपिअर, नवा कोरा, आणि कारखान्यातून येणारा. टिचकी मारली की तोही घुमतो.

परवा दुपारी लाईट गेली. खालचे माग एकेक करून थांबले, शेवटचा धोटा निम्म्यात अडकला असावा, आणि गल्लीत एकदम पोकळी झाली. पेटी बॅटरीवर चालूच होती. गाणं बंद करून हेडफोन कानाला दाबला, तर उजव्या बाजूला एक बारीक ‘स्स्स’. इतकी वर्षं मागाच्या आवाजाखाली तो झाकला होता. डाव्या बाजूला नाही, फक्त उजव्या. लाईट यायच्या आत दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. फुसफुस उजवीकडेच राहिली, म्हणजे व्हॉल्व्ह सुटला. आता त्या बाजूचा प्लेट रेझिस्टर काढून बघतो.