रक्ताच्या वाटा – ७ : ईएसआर वाढतो तेव्हा

नगर-मनमाड रस्त्यावरच्या कोल्हारात आठवडाभर ताप हटला नाही, की डॉक्टर सीबीसीच्या जोडीला ईएसआर लिहून देतात. रिपोर्ट आला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "चाळीस आलाय, म्हणजे झालंय तरी काय?" या आकड्यावरून रोगाचं नाव कळत नाही. अंगात कुठेतरी दाह असावा, एवढंच तो सुचवतो.

लॅबमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध मिसळून ते बारीक नळीत उभं ठेवतात. तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, तो झाला ईएसआर. एरवी या पेशी एकमेकींपासून फटकून असतात. दाह झाला की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन जास्त बनवतं आणि मग त्या भाकरींच्या चवडीसारख्या एकीवर एक बसतात. चवड जड, म्हणून भरभर खाली जाते. स्वीडनच्या रॉबिन फॉरियस यांनी १९२१ मध्येच याचा सविस्तर अभ्यास मांडला. (गरोदरपणातही फायब्रिनोजेन वाढतं, तेव्हाचा वाढलेला ईएसआर पाहून घाबरू नये.)

अंगातल्या बारीक शिरांत रक्त संथ झालं की या चवडी मधोमध वाहतात आणि पांढऱ्या पेशी कडेला ढकलल्या जातात. भिंतीवरचे सिलेक्टिन त्यांना ओझरतं धरतात, त्या घरंगळू लागतात, मग त्यांच्या अंगावरचे इंटिग्रिन पकड घट्ट करतात. इथे फायब्रिनोजेन पुन्हा हजर! एका बाजूने इंटिग्रिनला, दुसऱ्या बाजूने भिंतीवरच्या आयकॅम-१ ला धरून ते दुवा साधतं. शाळेत आपण त्याला नुसतं रक्त गोठवणारं प्रथिन म्हणून मोकळे होतो, हा त्याच्यावर अन्यायच.

आणि हो, सीबीसीत मोजल्या जातात त्या वाहत्या पेशी. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास निम्म्या भिंतींच्या कडेला असतात. धावून आल्यावर रक्त दिलं तर आकडा फुगतो तो त्यामुळेच.

आता इंटिग्रिनचा सीडी-१८ हा भाग जन्मतःच नसेल तर? बाळाची नाळ एक-दोन आठवड्यांत गळायची, ती महिना झाला तरी तशीच राहते. बेंबी लाल होते, पण पू धरत नाही. रक्तात पांढऱ्या पेशी मात्र बेसुमार. त्या भिंत ओलांडून जखमेपर्यंत पोहोचतच नाहीत. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तरच हा आजार होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत ती शक्यता वाढते. मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत फ्लो सायटोमेट्रीने सीडी-१८ तपासतात. प्रतिजैविकं तात्पुरती तारतात. आजार तीव्र असेल तर खरा इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा, आणि त्यासाठी बहुधा आधी सख्ख्या ताई-दादाचंच रक्त जुळवून पाहतात.