मार्लिन आणि मी

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी लेक सिनेमा बघत होती, 'फाइंडिंग निमो'. २००३ सालचा, म्हणजे तिच्या जन्माच्याही आधीचा. माशांच्या कार्टूनमध्ये काय बघायचं, म्हणून मी शेजारी मेथी निवडत बसले. दहा मिनिटांत ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, हा मार्लिन म्हणजे डिट्टो तू!"

मार्लिन हा निमोचा बाबा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला चिमुकला मासा. निमोच्या शाळेचा पहिला दिवस. पोरगं आनंदानं नुसतं नाचतंय आणि बाबाच्या सूचना काही संपत नाहीत. घराबाहेर पडायचं तर आधी डोकावून बघायचं, परत आत, पुन्हा बाहेर, पुन्हा आत! मला हसू आवरेना. मग आठवलं, रुमाल, डबा, बाटली, स्वेटर अशी माझीही उजळणी शाळेच्या गेटपर्यंत चालूच असते की!

पण खरं सांगू? मला मार्लिनची दयाच आली. त्याची बायको आणि शेकडो अंडी एका शिकारी माशाच्या हल्ल्यात गेलेली. उरलं एकच अंडं, तोच हा निमो. त्याचाही पोहायचा एक पर जन्मापासून इवलासा. असा बाप घाबरणार नाही तर काय?

माझंही तसंच. लेक सातवीत. सायकलवरून शाळेत जाऊ दे, म्हणून जूनपासून मागे लागलेली. पण मागच्या वर्षी स्टँडाजवळच्या चौकात ती पडली, हात प्लास्टरमध्ये गेला. तेव्हापासून सायकल जिन्याखाली आणि मी स्कूटीवर.

गंमत बघा, मार्लिन ज्याला भितो तेच होतं. तो पोराच्या मागोमाग जातो, मित्रांदेखत त्याला रागावतो. निमो चिडून खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत जातो आणि एका पाणबुड्याच्या हाती लागतो. पोहोचतो कुठे, तर सिडनीतल्या दातांच्या डॉक्टरच्या फिशटँकमध्ये! मग हाच भित्रा बाबा, विसरभोळ्या डोरीला सोबत घेऊन, शार्क नि जेलीफिशमधून वाट काढत अख्खा समुद्र पालथा घालतो.

दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांना ही गोष्ट स्वतःच्याच घरात सापडली. लहानग्या मुलाला बागेत नेताना 'हे करू नको, तिथे जाऊ नको' असं ते सारखं म्हणत होते. त्या नादात मुलासोबतची मजाच हरवतेय, हे त्यांच्या लक्षात आलं.

शेवटी डोरी मासेमारीच्या जाळ्यात अडकते. तिला सोडवायला निमोला जाळ्यात शिरायचं असतं. नुकतंच सापडलेलं पोर! मार्लिनचा जीव कासावीस होतो, पण तो जाऊ देतो. माझी मेथी तशीच राहिली.

"सायकलमध्ये हवा आहे का गं?" मी विचारलं. 'ह्यांनी' पेपरातून डोकं वर काढलं.

आठवडाभर संध्याकाळी दोघी मिळून चौक ओलांडायचा सराव केला. सोमवारी ती एकटी निघाली. मी स्कूटीवरून हळूच मागे. चौकात मागे वळूनही न बघता ती ओरडली, "मार्लिन, घरी जा!"

गेले बाई घरी.

गुरुवारी तिला यायला दहा मिनिटं उशीर झाला. मी फाटकापाशी देवाचं नाव घेत उभी. आली ती काळ्याकुट्ट हातांनी. चेन पडली होती. "मीच बसवली," म्हणाली आणि हात धुवायला पळाली.

मैत्रिणींनो, काळजी काही जात नाही. ती फाटकापाशीच उभी असते. आपण फक्त तिला लेकरांच्या वाटेत आडवं येऊ द्यायचं नाही, इतकंच. युनिफॉर्मवरचा ग्रीसचा डाग मात्र अजून निघालेला नाही. तुमच्याकडे काही उपाय असेल तर जरूर कळवा!