मांजराचा रोग कोणाकोणाला लागतो?

श्रोतेहो, आमचा पेशा कामगार-संघटनेचा, वैद्यकीचा नव्हे. स्वतः वाचून जे समजले तेवढेच सांगतो.

चंद्रपूरकडील एका खाण-वस्तीत एका घरचे मांजर हगवणीने मेले. रोग कुत्र्याला लागेल, या भयाने घरच्यांनी धडधाकट कुत्रा रानाच्या कडेला सोडला आणि मेलेले मांजरही तेथेच टाकले. कुत्रा परतला नाही. त्या भयात तथ्य किती?

किल्ली आपल्याच कुलपाला लागते, तसा विषाणू ठरावीक पेशींतच शिरू शकतो. म्हणूनच मांजरांचा ल्युकेमियाचा विषाणू घरच्या कुत्र्याला, पोपटाला वा माणसाला लागत नाही. मांजरांना हगवण लावणारा पॅनल्युकोपेनियाचा विषाणूदेखील कुत्र्याला सहसा आजारी पाडीत नाही. मात्र किल्लीचे दात बदलू शकतात. याच घराण्यातील विषाणू बदलून कुत्र्यांचा पार्व्हो उपजला आणि १९७८ साली जगभर पसरला. त्याचे पुढचे प्रकार मांजरांनाही लागतात.

रेबीजला तर कुलपाचा अडसरच नाही. पिसाळलेले मांजर कुत्र्याला, शेळीला आणि माणसालाही तो देते.

आता आपल्या मुलखाचे पाहा. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. विषाणूंपुरते हे नाते अक्षरशः खरे आहे. पॅनल्युकोपेनिया ओसरीवरच्या कुत्र्याला सोडील, पण रानातल्या वाघ-बिबट्याला लागू शकतो. बर्ड फ्लूनेही हे नाते दाखविले. चंद्रपूर भागातून नागपूरच्या गोरेवाड्यास नेलेले वाघ डिसेंबर २०२४ मध्ये दगावले. एकूण तीन वाघ व एक बिबट्या गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये कारण बर्ड फ्लू असल्याचे ठरले. त्याच हिवाळ्यात शेजारच्या छिंदवाड्यात घरच्या मांजरांतही तो आढळला.

तेव्हा त्या कुटुंबाची भीती उलट्या दिशेची होती. घरात ठेवण्याजोगा कुत्रा त्यांनी बाहेर घालविला, आणि पुरण्याजोगे मांजर रानाला दिले.

आपण काय करावे? मेलेले मांजर खोल पुरावे. त्याची भांडी व जागा ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी, कारण हगवणीचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. मांजर-कुत्र्यांना लस टोचून घ्यावी. मांजराला कच्ची कोंबडी घालू नये. चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जो मुका जीव आपल्या भरवशावर दारात बसला आहे, त्याला नुसत्या संशयावरून रानात सोडू नये, एवढीच विनंती.