लीजची गाडी परत करताय? आधी ओरखड्यावरून नख फिरवून बघा!

पुण्या-मुंबईतल्या अनेक कंपन्यांत पगाराच्या पॅकेजमध्येच लीजची गाडी बसवून घेता येते. दरमहा भाडे पगारातून कापले जाते, तीन-चार वर्षे निघून जातात आणि एके दिवशी ई-मेल येतो : मुदत संपत आली आहे, गाडी परत करणार की विकत घेणार? तोपर्यंत डाव्या दरवाजावर सिग्नलला वाट काढणाऱ्या दुचाकीच्या हँडलने एक रेघ ओढलेली असते आणि मागच्या बंपरचा कोपरा सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला घासलेला असतो. गाडी परत करायची असेल, तर या खुणांचे बिल तुमच्या नावावर निघू शकते. ते अनामत रकमेतून वळते होते. नोकरी बदलताना गाडी परत करत असाल, तर शेवटच्या हिशेबातूनही कापले जाऊ शकते.

गाडी ठरलेल्या किमतीला स्वतःच विकत घेणार असाल, तर घाई करू नका. ओरखडे तुमचेच राहणार आहेत, सवडीने बघता येईल. पुढचे सगळे परत करणाऱ्यांसाठी.

‘सामान्य झीज’ म्हणजे नेमके काय?

वापरलेल्या गाडीवर खुणा असणारच, हे लीज कंपन्यांनाही मान्य असते. त्यामुळे करारात ‘सामान्य झीज’ आणि ‘नुकसान’ असे दोन शब्द सापडतात. पैसे फक्त दुसऱ्याचे घेतले जातात. मात्र या दोघांमधली रेषा आपल्याकडे करारागणिक बदलते. काही करारांत सेंटिमीटरमध्ये मर्यादा दिलेली असते, तर काही ठिकाणी सगळे तपासणीसाच्या मतावर सोडलेले असते. तसे असेल, तर तपासणीचे निकष आणि पॅनलनिहाय दर ई-मेलवर लेखी मागवा.

अंदाजासाठी ब्रिटनचे उदाहरण उपयोगी आहे. तिथल्या वाहन भाडे आणि लीज कंपन्यांच्या ‘बीव्हीआरएलए’ या संघटनेची मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार २५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा चालतो, फक्त आतला प्रायमर किंवा पत्रा उघडा पडलेला नसावा. १५ मिलिमीटरपर्यंतचा पोचाही चालतो, पण रंग तडकलेला नसावा आणि एका पॅनलवर असे दोनपेक्षा जास्त पोचे नसावेत. आपल्याकडच्या कंपन्यांवर हे बंधनकारक नाही. पण करारात आकडाच नसेल, तर बोलणी करताना हातात काहीतरी असलेले बरे.

पॉलिश पुरेल की रंगवावे लागेल?

गाडीच्या पत्र्यावर खालून वर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. बहुतेक बारीक ओरखडे याच थरात असतात.

गाडी धुऊन, कोरडी करून दिवसाच्या उजेडात उभी करा. ओल्या गाडीवर ओरखडे लपतात, म्हणून वॉशिंग सेंटरमधून बाहेर पडताना ती नवी दिसते! आता ओरखड्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले नाही आणि पाण्याचा हात फिरवल्यावर रेघ दिसेनाशी झाली, तर ओरखडा वरवरचा आहे. रबिंग-पॉलिशने तो जातो. मात्र रबिंग म्हणजे क्लिअर कोट थोडा घासून काढणे, त्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा करू नये. नख अडकत असेल किंवा आतून राखाडी-पांढरा प्रायमर दिसत असेल, तर पॉलिशवर पैसे घालवू नका. पत्रा उघडा पडला असेल, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत एका पावसाळ्यात गंज धरतो आणि छोट्या बिलाचे मोठे होते.

बोनेटवर खडीचे बारीक टवके असतील, तर कंपनीच्या कलर कोडचे टच-अप पेन चालते. दरवाजावरच्या हातभर रेघेवर तेच पेन फिरवले, तर ती आणखी उठून दिसते. रंग न तडकलेला पोचा आतून दाबून काढणारे ‘पेंटलेस डेंट’वाले आता मोठ्या शहरांत आहेत. त्यात मूळ रंग टिकतो. पत्र्याच्या अगदी कडेला पोचा असेल, तर मात्र हे काम अवघड होते.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये स्वस्तात रंगवले तर?

इथे सर्वाधिक फसगत होते. तपासणीसाकडे रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असू शकते. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. पुटी भरून रंगवलेल्या जागी आकडा कितीतरी पट वाढतो. छटा जुळली नाही, विशेषतः पर्ल किंवा मेटॅलिक रंगात, तर यंत्राचीही गरज नाही. वाईट रंगकामाचे पैसे तुम्ही भरता आणि त्याच पॅनलचे कंपनी पुन्हा आकारते. त्यापेक्षा ओरखडा तसाच देणे परवडले. करारात अधिकृत सर्व्हिस सेंटरचीच अट असेल, तर प्रश्नच मिटला.

विम्यातून होईल?

होईल, पण हिशेब करा. प्रत्येक क्लेमला १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी १,००० आणि त्यावरच्या गाडीसाठी २,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. बंपर प्लास्टिकचा असल्याने बदलल्यास ५० टक्के घसारा कापला जातो. ‘झिरो डेप’ असेल तर नाही. क्लेम केल्यावर नो क्लेम बोनसही जातो. पण पॉलिसी लीज कंपनीच्या नावावर असेल, तर तो बोनस तसाही तुमच्या नव्या गाडीला मिळणार नसतो. अशा वेळी क्लेमला कंपनीची परवानगी लागते का, तेवढे विचारा. तीन वर्षांतले ओरखडे ‘एकाच अपघाताचे’ म्हणून दाखवण्याच्या फंदात पडू नका. सर्व्हेअरला जुना आणि नवा ओरखडा ओळखता येतो, आणि वेगवेगळ्या घटना वेगवेगळे क्लेम धरले जातात.

मग करायचे काय?

मुदत संपण्याच्या दोन-अडीच महिने आधी एका सर्व्हिस सेंटरमधून पॅनलनिहाय लेखी अंदाजपत्रक घ्या. मजुरीवर १८ टक्के जीएसटी धरूनच आकडा मागा. तो लीज कंपनीच्या दरांशेजारी ठेवला, की कोणते पॅनल रंगवायचे आणि कोणते सोडायचे ते लगेच दिसते. काही वेळा कंपनीचाच दर कमी निघतो. रंगवून घेतलेच, तर बिल जपून ठेवा.

गाडी देताना प्रत्येक पॅनल, चारही चाके आणि ओडोमीटरचे फोटो तारखेसह काढा. दुसरी चावी, आरसी, स्टेपनी आणि जॅक राहून गेले, तर त्यांचेही पैसे लागतात. ‘तपासणी यार्डात करू, नंतर कळवू’ असे उत्तर मिळाले, तर गाडी नेणाऱ्याकडूनच सध्याच्या स्थितीची नोंद असलेल्या कागदावर सही घ्या आणि त्याचा फोटो त्याच्यासमोरच लीज कंपनीला मेल करा.