घारींची संगत आणि माणसांची

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी आमच्या कारंजा (घाडगे) येथून आकाशाकडे पाहिले, तर घारी हमखास दिसतात. पंख न हलविता त्या गोल गोल फिरतात आणि पाहता पाहता ठिपक्याएवढ्या होतात. खाली नांगरलेल्या वावरातून वावटळ उठत असते. लहानपणी आम्हाला सांगितले जाई की वावटळीत भूत असते, आणि आम्ही ते खरे मानून घरात पळत असू. चाळिशी उलटल्यावर कळले की काळी जमीन तापली म्हणजे तिच्यावरची हवा तापते, हलकी होते आणि खांबासारखी वर चढते. घार त्या खांबात शिरून फुकटात वर जाते. वावटळ म्हणजे त्याच खांबाचा धुळीने दिसू लागलेला पाय. भूत कुठेच नाही.

हा धडा आम्हाला मिळाला तो पुणे जिल्ह्यातील मावळात. दोन वर्षांमागे हिवाळ्यात आमची धम्म सहल कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी पाहावयास गेली होती. बेडश्याहून कामशेतकडे परतताना एका टेकडीवर रंगीबेरंगी कापडी पंख हवेत तरंगताना दिसले. मुलांनी गाडी थांबवायला लावली. अर्धा तास थांबू म्हणून उतरलो आणि सूर्य मावळेपर्यंत तेथेच राहिलो.

पॅराग्लायडिंग हा खेळ तसा अलीकडचा. १९७८ साली फ्रान्समधील म्यूसी या डोंगरी गावी काही पॅराशूटवाल्यांनी विचार केला की उडी मारण्यासाठी दर वेळी विमानाचे भाडे कशाला भरायचे? डोंगराच्या उतारावरून धावत सुटलो तर? आम्ही कारकून माणसे, काटकसरीतून निघालेला हा शोध आम्हाला फार आवडला. या पंखाला इंजिन नाही, लाकूड-लोखंडाचा सांगाडा नाही. पुढच्या तोंडातून कप्प्यांत हवा भरते आणि कापड फुगून पंखाचा आकार घेते. चांगला पंख एक मीटर खाली येईपर्यंत आठ-नऊ मीटर पुढे जातो. वर न्यायचे काम मात्र हवेचे. ती कोठे वर चढते आहे हे ओळखणे, हीच सारी विद्या.

आम्हाला खरे नवल वाटले ते टेकडीच्या पायथ्याशी. तेथे नवशिकी पोरे जमिनीवरच पंख उभा करण्याचा सराव करीत होती. पंख डोक्यावर आणायचा, वाऱ्यात तोलून धरायचा, पडला की पुन्हा दोऱ्या सोडवायच्या. त्यांच्यात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ तोच सराव करीत होते. आम्हाला वाटले, उतारवयात हौस आली असेल. चौकशी केली तर ते वीस वर्षांपासून उडणारे निघाले.

आम्ही विचारले, "काका, अजून शिकताच आहात?"

ते हसले. "साहेब, माझे शिकून झाले, असे म्हणणाऱ्याबरोबर आम्ही उडत नाही."

तेवढ्यात त्यांचा पंख एका बाजूस कलंडला. विशीतली एक मुलगी ओरडली, "काका, डावा हात फार ओढताय!" काकांनी हात सैल केला. राग नाही, लाज नाही. आमच्या कार्यालयात वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाची चूक नव्या मुलीने अशी दाखविली असती तर काय झाले असते, हे येथे लिहीत नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मंडळी जमली. प्रत्येकजण आपली त्या दिवशीची चूक सांगत होता. एकजण उतरताना झाडाच्या फार जवळ आला होता, दुसऱ्याने वारा वाढतो आहे हे उशिरा ओळखले. कोणी हसले नाही. कारण येथे लपविलेली चूक उद्या सोबत्याच्या जिवावर बेतू शकते. २००७ साली ऑस्ट्रेलियात एका जर्मन महिला पायलटला वादळी ढगाने ओढून सुमारे ९,९०० मीटरवर नेले, म्हणजे एव्हरेस्टहूनही उंच. ती बेशुद्ध पडली, तरी वाचली. त्याच वादळात एक चिनी पायलट मात्र दगावला. म्हणूनच "आज उडू नकोस" असे सांगणारा सोबती या मंडळींत फार मोलाचा मानतात.

हवेतही संगत लागते. तापल्या हवेचा खांब डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पायलट थोडथोडे अंतर राखून पसरतात. एकाला खांब सापडला की तो गिरक्या घेऊ लागतो आणि बाकीचे तिकडे वळतात. पहिला ज्या दिशेने फिरेल त्याच दिशेने सर्वांनी फिरायचे, हा नियम. कधी घारच पहिली असते, मग तिच्यामागे जायचे. २०१६ साली ब्राझीलमध्ये तिघांनी असे मिळून एका दिवसात सुमारे ५६४ किलोमीटर अंतर कापले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता आणि तो तिघांचा होता.

भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितले होते की कल्याणमित्र लाभणे ही श्रेष्ठ जीवनाची अर्धी नव्हे, तर सगळी वाट आहे. हे आम्ही विहारात अनेकदा ऐकले, टपरीवर पाहिले.

खेळ स्वस्त नाही. नव्या पंखाची किंमत ऐकून आम्ही मनातल्या मनात पगाराचे महिने मोजले आणि गप्प बसलो. आमच्या वस्तीतील पोराला हा खेळ आज परवडत नाही, आणि ही गोष्ट आम्हाला टोचते. आमच्या पिढीने पोटासाठी शिक्षण घेतले. नोकरी लागली, घर झाले आणि वही मिटली. आनंदासाठी शिकणे हे दुसऱ्यांचे, असे आपण कधी ठरवून टाकले कोणास ठाऊक! बाबासाहेबांनी तर प्रकृती ढासळत असता, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांना त्यातून कोणती पदवी मिळवायची होती?

त्याच सहलीत भाजे येथे चैत्यगृहाचे खांब आत झुकलेले पाहिले. लाकडी बांधकामाची ती सवय दगडातही राहून गेली. पुढे कोरलेल्या कार्ल्याच्या चैत्यात खांब सरळ उभे आहेत. मधल्या काळात किती कारागिरांनी एकमेकांचे हात पाहून हात सुधारला असेल! आमची मुलगी त्या खांबांपाशी बराच वेळ रेंगाळली. परतीच्या प्रवासात तिने एकच विचारले, "बाबा, जमिनीवरचा सराव तरी शिकता येईल ना?" तिच्या आईने हाडे मोडण्याची धास्ती बोलून दाखविली. तीही खोटी नाही. हेल्मेट, राखीव पॅराशूट आणि अनुभवी शिक्षक यांच्यावाचून कोणी या नादाला लागू नये.

येत्या हिवाळ्यात सहल पुन्हा त्याच मार्गाने जाणार आहे. सकाळी लेणी, दुपारी कामशेतची टेकडी. जाण्या-येण्याचा खर्च वाटून घेऊ, जेवणाचे डबे ज्याचे त्याने आणावे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात नाव नोंदवावे. मुलींची नावे आधी घेऊ. जयभीम.