न्यायाच्या दारी मन (भाग ४) : कलम १५ आणि मानसशास्त्रज्ञ

मागच्या भागात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंगचं पाहिलं. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, संमतीशिवाय या चाचण्या करता येणार नाहीत आणि संमतीने केल्या तरी त्यांचा निष्कर्ष हा पुरावा नव्हे. मग फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकून करायचं काय?

माझं उत्तर : बाल न्याय मंडळाकडे बघा.

मालिकांत दिसतो तसा खुन्याचं मन वाचणारा अधिकारी होण्याचं स्वप्न अनेकांना असतं. आपल्याकडे खरी निकड मात्र २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ने निर्माण केली. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरवण्यापूर्वी मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. पाहायचं असतं ते गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि तेव्हाची परिस्थिती. २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर याची चर्चा पुण्यात टपरीटपरीवर झाली. मूल्यांकन करतात कसं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

आणि ते अवघडच आहे. कायदा म्हणतो, हा खटला नव्हे; मुलाने गुन्हा केला का, हा प्रश्न इथे नाहीच. पण परिस्थिती जाणून घ्यायची, तर ‘त्या दिवशी काय झालं?’ हे विचारल्याशिवाय कसं भागणार? मुलगा विश्वासाने बोलला आणि ते जसंच्या तसं अहवालात उतरलं, तर तो कबुलीजबाबच की! शिवाय मूल्यांकन होतं घटनेनंतर काही आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा. निरीक्षणगृहात राहून घाबरलेला मुलगा समोर बसतो आणि ठरवायची असते त्याची त्या दिवसाची समज. पूर्वी बुद्ध्यांक काढून मोकळं होण्याची सोय होती. हरियाणातल्या एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. बुद्ध्यांक म्हणजे परिणामांची समज नव्हे, आणि मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं न्यायालयाने सांगितलं. ‘घेऊ शकेल’चं ‘घ्यावीच’ झालं, आणि तज्ज्ञांची मागणी एका निकालाने वाढली.

त्याच वर्षीच्या मनोज खटल्यानंतर फाशीच्या शिक्षेचा विचार करतानाही आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल न्यायालयासमोर यावा लागतो. त्यासाठी बालपण, शाळा, घरातली मारहाण, आजार यांचा धांडोळा गावोगाव फिरून घेणं हे वेगळंच, चपला झिजवणारं काम आहे. ते वकिलांच्या चमूसोबत चालतं.

शिक्षणाचं थोडक्यात. आधी मानसशास्त्राची पदवी, मग एमएस्सी. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात फॉरेन्सिक सायकॉलॉजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. मात्र ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि निव्वळ फॉरेन्सिकच्या पदवीवर ती मिळेल असं गृहीत धरू नये. न्यायालयात उभं राहायचं असेल, तर मी आधी क्लिनिकलची वाट धरायला सांगेन. उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न पात्रतेवरच टाकतो. एमफिलची जुनी वाट सध्या बदलते आहे, तेव्हा फी भरण्याआधी परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची चालू यादी तपासा.

पुढच्या भागात कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक.