कामजीवन : संस्कृती कोणती, संकोच कोणता?

दात दुखला, गुडघा धरला, तर माणूस दहा जणांना औषध विचारतो. कामजीवनातील तक्रार मात्र तो वर्षानुवर्षे मनातच ठेवतो. अगदीच असह्य झाले तर एस. टी. स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेली ‘गुप्तरोग’ची जाहिरात वाचून परगावी जातो, हेतू हा, की ओळखीचे कोणी भेटू नये. वीस वर्षे संसार केलेले पतिपत्नीही या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. का बोलत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही.’

हे उत्तर कितपत खरे आहे, ते एकदा तपासून पाहिले पाहिजे. संकोचामुळे रोग लपवला जातो आणि लपवलेला रोग वाढतो, म्हणून हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

गोदाकाठचा मोकळेपणा

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. शेवगाव ओलांडून पलीकडे गेले की पैठण लागते. हेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखला जाणारा ‘गाथासप्तशती’ हा सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृत भाषेतील. गोदाकाठची शेते, सासुरवास, नवराबायकोचे रुसवे, चोरून झालेल्या भेटी, मनातील ओढ, असे सारे त्यात आडपडदा न ठेवता आले आहे. त्यातील कितीतरी गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत, हे विशेष.

सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या ‘कामसूत्रा’त वात्स्यायनाने कोणत्या प्रदेशातील लोकांना काय रुचते, याची नोंद केली आहे. महाराष्ट्रातील स्त्रियांना रांगडे, मोकळे बोलणे आवडते आणि त्या आवेगी असतात, असे तो लिहितो. ही नोंद ऐकीवही असू शकेल. पण ‘मराठी बाई या विषयात मुकी असते’ अशी तिची त्या काळी ख्याती नव्हती, एवढे तरी त्यावरून दिसते.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी मासिक पाळीच्या विटाळाची कल्पना नाकारली. नाकाडोळ्यांतून स्राव येतात, तसाच हा शरीराचा एक स्राव आहे, असे त्यांचे सांगणे ‘लीळाचरित्रा’त आले आहे. आजही पाळीच्या दिवसांत बाजूला बसवल्या जाणाऱ्या मुलींच्या आयांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

फंदी आणि अहिल्याबाई

पेशवाईत शृंगारिक लावणी भरास आली. त्या काळचे नामवंत शाहीर अनंत फंदी आपल्या संगमनेरचे. फंदींची लावणी ऐकायला गर्दी लोटे. आख्यायिका अशी, की अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी हे जामखेड तालुक्यातले. म्हणजे मोकळेपणा आणि मर्यादा या दोन्ही परंपरा याच मातीतल्या आहेत. एकीलाच खरी संस्कृती म्हणायचे आणि दुसरी झाकून ठेवायची, हे बरोबर नाही.

मात्र जुने ते सारे सोने, असेही समजू नये. त्या मोकळेपणात स्त्रीच्या संमतीला फारशी किंमत नव्हती. लावणी सादर करणाऱ्या कलावंतिणींच्या वाट्याला टाळ्या आल्या तशी अवहेलनाही आली. बालविवाहांमुळे कोवळ्या मुलींच्या शरीरावर अत्याचार होत. कलकत्त्यात सुमारे अकरा वर्षांची एक मुलगी पतीच्या संगानंतर मरण पावली आणि देशभर खळबळ उडाली. १८९१ च्या कायद्याने संमतीवय दहावरून बारा वर्षे केले, तेव्हा पुण्यात त्याला मोठा विरोध झाला. परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असा लोकमान्य टिळकांचा आक्षेप होता.

त्याआधी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जाण्यास नकार दिला. पतीने १८८४ मध्ये दावा लावला. ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा,’ असा निकाल १८८७ मध्ये झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. ‘माझ्या मनाविरुद्ध नाही’ हे एका मराठी बाईने शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी कोर्टात ठणकावून सांगितले होते.

संकोच आला कोठून?

आजचा आपला संकोच बराचसा इंग्रजी अमदानीत घट्ट झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील सोवळेपणा शाळा, कोर्ट आणि कायदा यांच्या वाटेने आपल्याकडे आला. १८६० च्या दंडसंहितेत अश्लीलतेची व ‘अनैसर्गिक’ संबंधांची कलमे आली. याच सरकारने १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी छावण्यांत गोऱ्या शिपायांसाठी वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी चालवली होती. ज्या नगरला मोठी छावणी आहे, तेथील वाचकांना हा दुटप्पीपणा वेगळा सांगायला नको.

हस्तमैथुनाने माणूस खंगतो, ही भीतीही केवळ आपली नाही. स्वित्झर्लंडच्या तिसो नावाच्या डॉक्टरने अठराव्या शतकात तसा ग्रंथ लिहिला आणि युरोपभर घबराट पसरवली. आपल्याकडे वीर्य हे रक्ताचे सार, ही समजूत आधीपासून होतीच. दोन्ही भीती एकत्र आल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुले उगाच खंतावत राहिली.

स्वातंत्र्यानंतरही हा सोवळेपणा टिकला. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटी घालून ती उठवली.

हे इतर देशांतही घडले आहे. इटलीत पॉम्पेई हे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले रोमन शहर खणले, तेव्हा घरांच्या भिंतींवर उघड शृंगारचित्रे सापडली. ती नेपल्सच्या संग्रहालयातील एका खास खोलीत कुलूपबंद करण्यात आली. सर्वसामान्यांसाठी ती खोली कायमची खुली व्हायला २००० साल उजाडले. त्याच इटलीत बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केले की त्याची शिक्षा टळत असे. ती तरतूद १९८१ मध्ये रद्द झाली. चित्रे कुलपात आणि गुन्हेगार मोकळा, असे हे सोवळेपण. ‘लग्न लावून द्या, प्रकरण मिटवा,’ हा सल्ला आपल्याकडेही अनोळखी नाही.

‘समाजस्वास्थ्य’चा धडा

हे मौन मोडणारा पहिला मोठा माणूस मराठीच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यासाठी कॉलेजातील गणिताची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. कामजीवनासंबंधी वाचकांच्या शंकांना ते त्यात सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक प्रश्न विचारत असतील, तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे आणि कोणाला त्या प्रश्नात विकृती दिसत असली, तरी ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. आज वृत्तपत्रांतून अशी सदरे चालतात, ती त्यांनी पाडलेल्या वाटेवरूनच.

मौनाची किंमत

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एखादा तरी विकार होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना हे सारे ‘बाईच्या जातीला चालायचेच’ म्हणून सोसले जात होते.

पुरुषांची कथा वेगळी नाही. ‘धातू जातो’ म्हणून थकवा, झोप न येणे, उत्साह नसणे अशा तक्रारी घेऊन तरुण येतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. अशा रुग्णात दोष बहुधा वीर्यात नसून भीतीत असतो. वीर्य हे मुख्यतः शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचे स्राव असते. ते रक्त आटवून बनत नाही. झोपेत वीर्यपात होणे हा रोग नव्हे. हस्तमैथुनाने अशक्तपणा, नपुंसकत्व किंवा क्षय होत नाही. एवढे वेळीच कळले, तर शेकडो रुपयांच्या पुड्या आणि वर्षानुवर्षांची काळजी वाचते. पण सांगणार कोण? २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला ज्या राज्यांनी विरोध केला, त्यांत महाराष्ट्रही होता.

आगळी आवड की विकृती?

काहींना कामजीवनात चारचौघांहून वेगळे काही आवडते. कोणाला विशिष्ट वस्त्राचे आकर्षण असते, कोणाला लटक्या हुकमाचा खेळ, कोणाला थोडा जोरकस स्पर्श. मग ‘मी विकृत आहे का?’ ही शंका मनाला पोखरते. हा प्रकार आजकालच्या मोबाइलमुळेच आला, असेही पुष्कळांना वाटते.

ते खरे नाही. वात्स्यायनाने नखक्षते, दंतक्षते आणि प्रहार यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. पण तेथेच त्याने धोक्याची सूचनाही दिली आहे. कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहन राजाने शृंगाराच्या भरात केलेल्या प्रहाराने त्याची राणी मलयवती मरण पावली, असे उदाहरण देऊन तो असे जीवघेणे प्रकार त्याज्य ठरवतो. आवेग आला की माणसाचे भान सुटते, हे त्याने नेमके हेरले होते.

‘विकृतीं’ची आधुनिक यादी प्रामुख्याने युरोपातील. क्राफ्ट-एबिंग या डॉक्टरच्या १८८६ च्या ग्रंथाने ती रूढ केली. आता शास्त्र पुढे गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक रोगसूचीनुसार प्रौढांनी परस्परसंमतीने जपलेली आगळी आवड हा आपोआप आजार ठरत नाही. त्या आवडीपायी माणूस स्वतः त्रस्त होत असेल, इजेचा किंवा जिवाचा धोका असेल, किंवा दुसऱ्याची संमतीच नसेल, तर मात्र उपचाराची गरज आहे.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) दोघेही प्रौढ असावेत आणि दोघांचीही खुषी असावी. अठरा वर्षांखालील मुलामुलीशी संबंध हा २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने गंभीर गुन्हा आहे.

२) लग्न म्हणजे कायमची संमती नव्हे. बायको गप्प राहिली, म्हणजे ती राजी आहे असे मानू नये. घरातील लैंगिक छळ हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात हिंसा मानला आहे.

३) ‘नको’ म्हटले की त्याच क्षणी थांबावे. दारू किंवा नशेत असे प्रयोग करू नयेत.

४) गळा दाबणे किंवा श्वास कोंडणे कधीही करू नये. मेंदूचा रक्तपुरवठा थांबून काही क्षणांत शुद्ध हरपते आणि मृत्यूही येतो. याची कोणतीही सुरक्षित रीत नाही.

५) चित्रफितींत दिसते ते ठरवून केलेले काम असते. त्यावरून जोडीदाराकडून अपेक्षा ठेवू नये.

६) जननेंद्रियावर फोड, जखम, पू किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असल्यास दोघांनीही तपासून घ्यावे. एकानेच औषध घेतले तर रोग परत येतो.

सल्ला कोठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ आणि किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ अशी सोय असते. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर फोन करता येतो, तर स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्यप्रकल्प सुरू केला, तेव्हा गावातलीच बाई शिकवून आरोग्यसेविका केली. डॉक्टरपुढे न उघडणारे तोंड शेजारणीपुढे उघडते, हे त्यामागचे साधे शहाणपण. आपल्या गावच्या आशाताईंकडेही अशी तक्रार निःसंकोच सांगावी. आणि पतिपत्नींनी रात्री दिवा मालवण्यापूर्वी एकमेकांना ‘तुला बरे वाटते ना?’ एवढे तरी विचारावे. पुष्कळशा तक्रारी तेवढ्या विचारपुशीनेच कमी होतील; उरलेल्यांसाठी डॉक्टर आहेतच.